सातवे मडके

फार पूर्वी कुंडनगरीत पुष्करदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या नगरीच्या उत्तरेला, रानात मध काढणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव तिंदुक. त्याला अक्षरे येत नव्हती. झाडे येत होती. या कथेच्या वेळी त्याचे केस पांढरे झाले होते, आणि तो मुळातच कमी बोलायचा.

त्या नगरीत एक रीत होती. मूल सोळाव्या वर्षात आले की त्याने रानात जायचे. मुलगा असो की मुलगी, सावकाराचे असो की मेंढपाळाचे. ही रीत कोणी हौसेने घातली नव्हती. राजाच्या पणजोबाच्या काळी लागोपाठ तीन वर्षे नदी आटली होती. राजवाड्याच्या विहिरीत तळाचे दगड दिसू लागले होते. तेव्हा रानातले झरे ज्यांना ठाऊक होते त्यांनी नगरी जगवली. त्यांत एकही सरदार नव्हता. ती गुरे राखणारी पोरे होती. पाऊस परत आला तेव्हा त्या शहाण्या राजाने वेशीच्या दगडावर कोरून घेतले, की ज्याला झरे ठाऊक नाहीत त्याला सभेत जागा नाही, आणि राजपुत्र असेल तर गादी नाही.

रीत अशी होती. रानाच्या कडेला वारुळाची माती घ्यायची. चाक वापरायचे नाही. हातांनी मडके वळायचे आणि त्याच्या गळ्यापाशी आपला अंगठा दाबायचा. ते आठ दिवस सावलीत वाळवायचे. मग कच्चे मडके काखेत धरून रानात शिरायचे आणि तीन दिवस एकट्याने राहायचे. लाकडावर लाकूड घासून विस्तव करायचा. शेणी, साली, पाला रचून त्यात मडके भाजायचे. आपल्या विस्तवाची राख पानात बांधून घ्यायची. मग परत निघायचे. वाटेत तीन झरे लागत. कातळझरा, वाघझरा आणि शेवटी उंबरझरा. उंबरझऱ्याचे पाणी वेशीपर्यंत आणायचे आणि आईबापांनी ते ओंजळीने प्यायचे. ते प्याले की तिंदुक त्या मुलाच्या कपाळी त्याच्याच राखेचा टिळा लावी. मग ते मूल मूल राहत नसे.

उघड्यावर भाजलेले मडके कधी धड भाजत नाही. एका अंगाने काळे होते, दुसऱ्या अंगाने भुरे राहते, आणि ते झिरपते. भरून निघावे तर हजार पावलांत अर्धे होते. म्हणून पुढचा झरा गाठावाच लागतो. झरा चुकला तर मडके रिकामे. झऱ्यांबद्दल तिंदुकाने कधी कोणाला एक शब्द सांगितला नाही. वाट दाखवली, खुणा दाखवल्या, विषारी पाला दाखवला. झरे मात्र मडके शिकवी.

त्या वर्षी सात मुले आली. त्यांत राजाचा एकुलता एक मुलगा सुदंत होता.

सुदंताचे हात मऊ होते. त्याचे मडके वळता वळता बसले. दुसरे बसले. तिसऱ्याचे पोट फुटले. त्याच्या शेजारी रोहिता नावाची मेंढपाळाची मुलगी बसली होती. तिचे मडके केव्हाच वळून झाले होते.

"युवराज," ती म्हणाली, "मडकं करताय की भाकरी?"

सगळी हसली. सुदंतही हसला. राजवाड्यात त्याला कोणी हसत नसे, त्यामुळे त्याला ते आवडले. चौथे मडके उभे राहिले. वाकडे होते, पण उभे राहिले. आनंदाच्या भरात त्याने अंगठा इतका जोराने दाबला की तो आरपार जायचा राहिला.

"हळू," तिंदुक म्हणाला. "मडकं आहे, शत्रू नाही."

मुलाने त्या ठशावरून बोट फिरवले. या जगात त्याने स्वतः केलेली ती पहिली वस्तू होती.

मडकी वाळत होती तेव्हा राजाचा अमात्य कालसेन तिंदुकाच्या झोपडीशी आला. गोड बोलणारा माणूस. घोड्यावरून मात्र उतरला नाही.

"तिंदुका, युवराजांबरोबर दहा माणसं आत जातील. लांबच राहतील. कोणाला दिसणार नाहीत."

"मग त्यांना दहा मडकी वळायला सांगा," तिंदुक म्हणाला.

"महाराजांचा जीव त्या मुलात आहे."

"महाराजांच्या वडिलांचाही जीव त्यांच्या मुलात होता. तीस वर्षांपूर्वी मीच त्या मुलाला आत नेलं. विचारा त्यांना, मेले का ते म्हणून."

कालसेन हसला आणि निघून गेला. अमात्य हसून निघून गेला की समजावे की काम झालेले नाही आणि सोडलेलेही नाही.

खरे पाहता राजाने त्याला फक्त एक वाक्य सांगितले होते. "त्याला काही होऊ देऊ नकोस." तेवढेच. पुढे तू काय करणार आहेस, हे त्याने विचारले नाही. न विचारणे हीही एक आज्ञा असते. ती लेखी नसते, म्हणून राजांना आवडते.

नवव्या दिवशी सकाळी सातही मुले रानात शिरली. तिंदुकाने प्रत्येकाला आपापल्या जागी सोडले आणि मागे न पाहता तो परतला. मागे पाहायचे नाही, ही त्याची शिस्त होती. रानाच्या मधोमध एक उंच खडक होता. त्यावर बसून तो रोज दिवस मावळायच्या आत धूर मोजी. ज्याचा धूर दिसला त्याला विस्तव साधला. एवढीच त्याची राखण.

पहिल्या संध्याकाळी एकच धूर दिसला. तो सुदंताच्या जागेवरून निघत होता. सरळ आणि जाड.

तिंदुकाला आनंद झाला. इथे बोधिसत्त्वाचीही चूक झाली. लाकडावर लाकूड घासून पहिल्याच दिवशी विस्तव कोणाला साधत नाही. तळहाताला फोड येतात, ते फुटतात, मग कुठे दुसऱ्या दिवशी ठिणगी पडते. हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण आपल्या हाताखालचे पोर हुशार निघाले असे वाटले की शहाणा माणूसही डोळे झाकतो. तो खडकावरून हसत उतरला.

दुसऱ्या दिवशी चार धूर दिसले. तिसऱ्या दिवशी सात.

चौथ्या दिवशी दुपारपासून वेशीत लोक जमले. राजा आला, कालसेन आला. एकेक मूल येऊ लागले. कोणाचे गुडघे फुटलेले, कोणाच्या केसांत पाला, आणि सगळ्यांचे तळहात सोललेले. सगळी धावत येत होती, कारण मडकी गळत होती. लोहाराच्या मुलाच्या मडक्यात घोटभरच उरले होते. त्याच्या आईने तो घोट घेतला आणि ती ओरडली, "उंबरझरा! हाच!" कारण उंबरझऱ्याच्या पाण्याला मुळांची तुरट चव होती, आणि जो ते पाणी एकदा प्याला तो ती चव विसरत नसे. रोहिताच्या मडक्यात निम्मे होते. सहाव्या मुलाच्या कपाळी टिळा लागला तेव्हा ऊन कलले होते.

शेवटी सुदंत आला. तो चालत आला. धावत नाही. त्याचे कपडे स्वच्छ होते. हातात लालभडक, गोल, चकचकीत मडके होते आणि ते काठोकाठ भरलेले होते. थेंब गळत नव्हता.

लोक आधी गप्प झाले. मग कालसेनाच्या माणसांनी जयजयकार केला, म्हणून बाकीच्यांनीही केला.

"पाहा," कालसेन म्हणाला, "इतरांनी अर्धं आणलं. युवराजांनी भरून आणलं. रक्त बोलतं ते असं!"

रोहिताच्या तोंडून निघून गेले, "युवराज, यात तोंड बघून भांग पाडता येईल हो."

सुदंत हसला नाही. तो खाली पाहत होता.

त्याने राजाच्या ओंजळीत पाणी ओतले. राजा प्याला. तिंदुक राजाच्या तोंडाकडे पाहत होता. राजाने पहिला घोट घेतला आणि त्याच्या गळ्याची हालचाल क्षणभर थांबली. ते त्याच्याच वाड्यातल्या विहिरीचे पाणी होते. लहानपणापासून रोज प्यालेले. तो ओळखणार नाही तर कोण ओळखणार? मग त्याने उरलेले पाणी गिळले, ओठ पुसले आणि म्हणाला, "छान. तिंदुका, टिळा लाव."

सुदंताने पानाची पुडी पुढे केली. तिंदुकाने ती उघडली. नाकाशी नेली.

"या राखेला फोडणीचा वास येतो," तो म्हणाला.

कोणीतरी फसकन हसले आणि लगेच गप्प झाले.

"म्हाताऱ्या, टिळा लाव," कालसेन म्हणाला. "नाक मागाहून चालव."

तिंदुकाने पुडी बाजूला ठेवली आणि मडके हातात घेतले. गळ्यापाशी चारी बाजूंनी बोट फिरवले. पुन्हा फिरवले.

"अंगठा कुठे गेला?"

गर्दीत राजवाड्याचा कुंभार मल्लक उभा होता. त्याचा चेहरा पडला. भोळा माणूस होता. ज्या भीतीने दुसरा कोणी गप्प राहिला असता, त्याच भीतीने तो बोलू लागला.

"ठसा मी बुजवला, महाराज. अमात्यांनी मडकं पाठवलं, म्हणाले भाजून दे. पण ते वाकडं होतं. पोटात खड्डा होता, गळ्याला भोक पडायला आलं होतं. युवराजांचं मडकं असं माझ्या भट्टीतून कसं जाऊ द्यायचं? लोक काय म्हणाले असते मला? मी ओलं फडकं फिरवून पोट सरळ केलं. ठसा भरला. गेरू लावून घोटलं. मला वाटलं, बरं दिसेल."

"बरं दिसतंय," तिंदुक म्हणाला. "फारच बरं दिसतंय."

कालसेन मध्ये पडला. मडके कुठे भाजले यात काय आहे, युवराज तीन दिवस रानात होते हे तर खरे, असे तो म्हणाला. तिंदुकाने त्याच्याकडे पाहिले नाही. त्याने सुदंताला विचारले, "पोरा, उंबरझऱ्यावर तुला कोण भेटलं?"

"कोण भेटणार?" कालसेन म्हणाला. "युवराजांची वाट अडवायची कोणाची छाती आहे?"

सहाही मुले एकमेकांकडे पाहून हसू दाबू लागली. गर्दीतली मोठी माणसेही हसू लागली. ज्यांच्या कपाळी कधी राख लागली होती ती सगळी हसली. कालसेन परराज्यातून आलेला होता. त्याला कळेना की आपण काय बोललो. राजाला कळले होते. राजा हसला नाही.

"मी मुलाला विचारलं," तिंदुक म्हणाला.

सुदंताने मान वर केली.

"मला ठाऊक नाही. मी उंबरझरा पाहिला नाही. कुठलाच झरा पाहिला नाही. तिंदुक आजोबा गेले आणि लगेच माणसं आली. एका लांबच्या खडकाआड झोपडी बांधून ठेवली होती. त्यात गादी होती. आचारी होता. मला बाहेर पडू दिलं नाही. मडकं मी देत नव्हतो, तर ते हातातून काढून घेतलं." त्याने रानाकडे बोट केले. "दाराच्या झापातल्या फटीतून बाकीच्यांचे धूर दिसायचे. शेवटच्या दिवशी मी सहा मोजले. सातवा स्वयंपाकाचा होता."

वेशीतले लोक राजाकडे पाहू लागले.

राजा उठला. त्याला लाज वाटली होती, आणि लाज वाटलेला बलवान माणूस रागावतो. तो म्हणाला, "पुरे. माझा मुलगा सुखरूप आहे, मला एवढं बस्स आहे. तिंदुका, टिळा लाव. नाही लावलास तर उद्यापासून हे रान आणि ही रीत कालसेनाच्या ताब्यात. आणि तू हद्दपार."

तिंदुकापुढे आता दोन गोष्टी होत्या. चिमूटभर राख लावायची, म्हणजे रान त्याचे, झोपडी त्याची, पुढच्या वर्षीची मुलेही त्याचीच. पुष्कळ शहाणे लोक म्हणाले असते, लाव बाबा, पुढच्या मुलांसाठी तरी लाव. वाईट कामाला असे चांगले कारण नेहमी जवळच ठेवलेले असते.

तिंदुक बोलला. त्याला मोठ्याने बोलताना कोणी कधी ऐकले नव्हते. त्या दिवशी वेशीपलीकडच्या बायांनीही ऐकले.

"चोर घरातली भांडी नेतो, महाराज. त्याला पकडलं तर ती परत मिळतात. तुम्ही या पोराचे तीन दिवस नेलेत. ते कुठून परत आणणार? याने चार वेळा माती वळली. तीनदा मोडली तरी हा उठून गेला नाही. मी पाहिलंय. याच्या हातात होतं सगळं. तुम्ही त्याला सांगितलंत, की तुझ्याच्याने होणार नाही. दहा माणसं पाठवून सांगितलंत, आचारी पाठवून सांगितलंत. शत्रूदेखील इतकं पटवून सांगत नाही! त्याने केलेली एक वाकडी गोष्ट होती, तिच्यावर त्याचा अंगठा होता. तोही तुमच्या राज्यात कोणाला बघवला नाही. तुम्हाला वाघाची भीती. मी चाळीस वर्षं पोरं आत नेतोय. वाघाने एक पोर खाल्लं नाही. तुम्ही मात्र एक खाल्लंत."

कालसेनाच्या माणसांनी भाले उचलले. राजाने हाताने त्यांना थांबवले.

"तुमचं मडकं कुठे आहे?" तिंदुकाने विचारले.

राजाने नजर वळवली.

"मी सांगतो. तुमच्या देवघरात आहे. काळं, वाकडं, एका बाजूला चीर गेलेलं. सोन्याच्या समया बाजूला सारून तुम्ही ते मधोमध ठेवलंय. वाड्यातल्या दासींना ठाऊक आहे. का ठेवलंय? तुम्हाला ते मिळालं म्हणून गोड लागलं, आणि पोराची पाळी आली तेव्हा तुम्ही दार लावून घेतलंत. याला तुम्ही माया म्हणता! आणि चूक माझीही आहे. पहिल्या संध्याकाळी धूर पाहिला तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी खूश झालो. गाढव ठरलो. म्हणून हद्दपारी मला मान्य आहे. टिळा मान्य नाही. ही राख या पोराची नाही."

तेव्हा सुदंताने ते लाल मडके दोन्ही हातांनी उचलले आणि वेशीच्या दगडावर आपटले. चांगले भाजलेले होते. खणकन वाजले आणि त्याचे पुष्कळ तुकडे झाले. विहिरीचे पाणी मातीत गेले.

"मी परत जाणार," तो म्हणाला.

"वेस ओलांडलीस तर गादी विसर," राजा म्हणाला.

"गादी याच मडक्याने घालवली, बाबा. दगडावर लिहिलंय."

तिंदुकाने काठी उचलली. तो राजाला म्हणाला, "मला हद्दीबाहेर जायला बारा दिवस लागतील. गुडघे दुखतात. वाट रानातूनच आहे. त्या वाटेवर आणखी कोणी चालत असेल तर मी काय करणार? हद्दपार माणसाने कोणाला अडवायचं नसतं."

एवढे बोलून तो निघाला. सुदंत त्याच्यामागे निघाला. शिपाई राजाकडे पाहत राहिले. राजा जमिनीवरच्या तुकड्यांकडे पाहत होता. त्याने कोणाला काही सांगितले नाही. या वेळी तरी ते बरे झाले.

त्यानंतर राजा रोज वेशीच्या दगडाजवळ येऊन बसू लागला. कालसेन छत्रधारी पाठवी, राजा त्याला परत पाठवी. चौथ्या दिवशी रोहिता मेंढ्या घेऊन तिथून चालली होती. राजाने तिला विचारले, "पोरी, वाळत आलं असेल का मडकं?"

"अजून चार दिवस, महाराज. घाई केली तर तडकतं."

"मला ठाऊक आहे," राजा म्हणाला. आणि पुन्हा म्हणाला, "मला ठाऊक होतं."

दहाव्या दिवशी उत्तरेकडे, रानाच्या मध्यावर, दिवसाउजेडी एक बारीक धूर दिसला. तो निघाला, विझला, पुन्हा निघाला. राजा उभा राहिला आणि दिसेनासा होईपर्यंत त्याकडे पाहत राहिला.

बाराव्या दिवशी दुपारी सुदंत धावत आला. त्याचे पाय चिखलाने भरले होते. एक भुवई जळाली होती. छातीशी त्याने एक मडके धरले होते. ते एका बाजूला काळे होते, दुसऱ्या बाजूला भुरे, आणि इतके वाकडे होते की त्याचे तोंड आकाशाकडे नसून त्याच्या खांद्याकडे होते. ते चारी अंगांनी झिरपत होते. त्याचा अंगरखा पोटापर्यंत भिजला होता. तिंदुक पुष्कळ मागे होता. तो सावकाश येत होता आणि वेशीबाहेरच, हद्दपार माणसाने थांबावे तिथे, थांबला.

सुदंताला धाप लागली होती. त्याने मडके कलते केले. राजाच्या ओंजळीत जेमतेम घोटभर पाणी पडले.

राजा प्याला. डोळे मिटले.

"कोण भेटलं?" त्याने विचारले.

"कासव," सुदंत म्हणाला. "उंबराच्या मुळात बसलं होतं. पाण्याची वाट अडवून. हलेचना. शेवटी मी त्याला नमस्कार केला तेव्हा सरकलं."

"अजून आहे ते?"

"आहे की. तुमच्याबद्दल विचारत होतं."

राजाला हसू आले आणि ते हसू मध्येच मोडले. तो दगडावर बसला. मुलाच्या हातातून मडके घेऊन त्याने ते मांडीवर धरले आणि गळ्याशी असलेल्या ठशात आपला अंगठा ठेवून पाहिला. ठसा लहान होता. मडक्यात उरलेले पाणी त्याच्या रेशमी वस्त्रावर गळू लागले. सेवक फडके घेऊन धावला. राजाने त्याला मागे सारले. ते सगळे संपेपर्यंत त्याने ते गळू दिले.

मग तो उठून वेशीबाहेर गेला आणि तिंदुकाला हाताला धरून आत घेऊन आला. तिंदुकाने पुडी उघडली. राखेला लाकडाचा वास होता. त्याने मुलाच्या कपाळी टिळा लावला. लोकांनी जयजयकार केला, आणि या वेळी कोणाला सुरुवात करून द्यावी लागली नाही.

कालसेन त्याच आठवड्यात दुसऱ्या राज्यात नोकरीला गेला. असल्या माणसांना नोकरी नेहमी मिळते.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, वेळुवनाजवळच्या एका विहारात सांगितली. तिथे वासुल नावाचा वृद्ध भिक्षू होता. त्याचा भाचा मेघिल सोळाव्या वर्षी श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्षू, झाला होता. अरण्यात एकट्याने महिनाभर राहायची त्याची पाळी आली तेव्हा वासुलाने एका धनिक उपासकाला सांगितले, की पोराची काळजी घे. उपासकाने अरण्यात कुटी बांधली, सुताराने तिला नक्षीचे दार बसवले, आणि रोज घरून जेवण जाऊ लागले. महिना संपला तेव्हा वासुलाने संघापुढे भाच्याचा अरण्यवास पूर्ण झाला असे सांगितले. संघातले भिक्षू चिडले. एक जण म्हणाला, "अशा अरण्यवासापेक्षा आमचं स्वयंपाकघर जास्त रानटी आहे." ते बोलणे शास्त्यांच्या कानी गेले. त्यांनी सगळ्यांना बोलावले आणि वासुलासमोर ही पूर्वीची हकीकत सांगितली.

मग त्यांनी कालचे आणि आजचे जोडून दाखवले. "त्या वेळचा राजा पुष्करदत्त म्हणजे हा वासुल. अमात्य म्हणजे तो उपासक. ज्याला वाकडे मडके बघवले नाही तो कुंभार मल्लक म्हणजे नक्षीचे दार बसवणारा सुतार. मेंढपाळाची रोहिता म्हणजे भिक्षुणी सोमदत्ता, जी आजही तोंडावर बोलते. राजपुत्र सुदंत म्हणजे हा मेघिल. आणि तिंदुक मी होतो."

कासव कोण होते, असे एका भिक्षूने विचारले. शास्ते म्हणाले, "ते अजून तिथेच असेल. जाऊन बघ."

मेघिल उठला. त्याने मामाला वंदन केले, भिक्षापात्र उचलले आणि अरण्याच्या वाटेला लागला. वासुल त्याला हाक मारणार होता. त्याने तोंड उघडले आणि मिटले.

जे झाले नाही ते झाले असे म्हणायचे नाही. समोर राजा असला तरी नाही, हातचे घर जात असले तरी नाही, आणि ज्याच्यासाठी खोटे बोलायचे तो आपला लाडका असला तर मुळीच नाही. ही सत्याची परिपूर्ती, म्हणजे सत्यपारमिता होय.